सूट

माणसं मोजायची नसतात, म्हणून वचन म्हणायचं. हे मला त्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या प्रार्थनागृहात, शेजारी बसलेल्या आजींनी कानाशी लागून सांगितलं. एक, दोन, तीन करत माणसांवरून बोट फिरवणं बरं नाही. त्यापेक्षा स्तोत्रांतलं दहा शब्दांचं एक वचन घ्यायचं आणि एकेका पुरुषावर एकेक शब्द ठेवत जायचं. वचन पुरं झालं की दहा भरले, आणि तेरा पुरी झालेले दहा पुरुष भरल्याशिवाय तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढता येत नाही. मोठे काका, म्हणजे मुलाच्या आजोबांचे धाकटे भाऊ, तेबाच्या, म्हणजे तोरा वाचायच्या ओट्याच्या, कठड्याला टेकून पुटपुटत होते, 'होशिआ, एत, अमेखा', आणि त्यांचं बोट बाकांवरून सावकाश सरकत होतं. पहिल्या बाकाच्या टोकाला व्हीलचेअर होती. तिच्यात नवा पांढरा सदरा घातलेला तेरा वर्षांचा मुलगा, डाव्या हातावर काळ्या चामड्याचे सात वेढे, कपाळावर काळी पेटी. बोट मुलाच्या वडिलांवर आलं, तिथून उचललं गेलं आणि खुर्चीच्या पलीकडच्या माणसावर टेकलं. नववा शब्द प्रार्थना चालवणाऱ्या हजानवर पडला. दहावा काकांच्या तोंडातच राहिला.

"नऊच आहेत," काका म्हणाले. "गाडी कुठवर आली बघा रे."

गाडी वडखळला अडकली होती. मे महिना, लग्नसराई आणि मुंबईची सुट्टी. पहाटे साडेचारला निघालेली मंडळीसुद्धा तिथं हमखास सापडतात. तिघंजण फोन घेऊन बाहेर गेले. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. सगळ्या त्या गडबडीत होत्या आणि माझं लक्ष मुलाकडे होतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो. सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं, समजतंही सगळं. हो म्हणायचं असेल तर डोळे वर नेतो, नाही म्हणायचं असेल तर तोंड फिरवतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही, आणि विचारलं तर तो तोंड फिरवेल याची खात्री आहे. त्यानं ते बोट पाहिलं होतं. आपल्यावर येताना पाहिलं होतं आणि आपल्याला ओलांडून जाताना पाहिलं होतं.

मला राहवलं नाही. ओटीवर काका घाम पुसत उभे होते, त्यांना जाऊन विचारलं, "काका, तो दहावा नाही का होत? तेरा तर पुरी झाली ना?"

"अहो बाई, त्याला सूट आहे," ते म्हणाले. किती मायेनं म्हणाले! "देवानं त्याला कशात अडकवलेलं नाही. त्याला कशाला आपल्या हिशेबात ओढायचं?" आणि आत जाऊन त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. काका खडूस असते तर मला सोपं गेलं असतं.

या गोष्टीला आता वर्ष होईल. बाकीचा समारंभ छान झाला, फोटो छान आले, जेवण तर काय विचारता. मला मात्र रात्री झोप लागताना ते बोट दिसतं.

सूट या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या दप्तरात सुटींचे कागद असतात. तिसऱ्या भाषेतून सूट, आकृत्या काढण्यातून सूट. यातल्या कित्येक आईबापांनी भांडून मिळवलेल्या आहेत, लेखनिकासाठी तर मीच शिफारशी लिहिल्या आहेत, तेव्हा त्यांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण कागदावरची सूट हळूहळू कागदाबाहेर पसरते. पीटीच्या तासाला सूट. सहलीला सूट. गॅदरिंगला सूट. वाढदिवसाला वर्गातली सगळी मुलं बोलावली जातात, 'याला कशाला त्रास' म्हणून यालाही सूट. कोणीच वाईट वागलेलं नसतं, आणि पोरगं खिडकीत बसलेलं असतं.

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या आतेभावाची मुंज झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आतेभाऊ धाकटा. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा एक भाऊ होता, त्याला आमच्याकडे 'भोळा' म्हणत. मंगलाष्टकं चालू असताना तो आतल्या खोलीत होता. दार बाहेरून लावलेलं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं, एवढं मला पक्कं आठवतं, कारण मी फटीतून डोकावले होते. समोर लाडवाची बशी, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि बाहेरच्या प्रत्येक 'सावधान'ला तो दोन्ही हातांनी हवेत अक्षता टाकत होता. एकही चुकवत नव्हता. त्याच्या मुठीत अक्षता नव्हत्या इतकंच. त्याआधी मातृभोजन झालं होतं, आत्यानं धाकट्याला मांडीशी घेऊन भरवलं होतं, सगळ्यांचे डोळे भरून आले होते. मोठ्याची मुंज का नाही केली, हे मी घरात एकदाच विचारलं. आजी म्हणाली, "त्याला कशाला गं बंधनं? तो मुक्तच आहे." काकांचं वाक्य ऐकताना मला आजीचा आवाज ऐकू आला असेल, तर त्यात काकांचा काय दोष?

तर सुरुवात केली ती या मुलाच्या आजीनं. त्याच्या तेराव्या वर्षाच्या आधी सात-आठ महिने एक दिवस त्या क्लिनिकमध्ये आल्या आणि थेट म्हणाल्या, "बाई, याची बार मित्झवा करायची. तुम्ही सांगा कशी करायची." जसं काही मीच हजान. बार मित्झवा म्हणजे तेरा पुरी झाली की मुलगा धर्माच्या हिशेबात मोठा होतो, तो विधी. नातवंडांत हा एकटाच इथं. बाकीची इस्राएलमध्ये, अश्दोदला, लोदला. तिथं बार मित्झवा झाल्या की आजींना व्हिडिओ यायचे. मुलगा वर जातो, तोरापुढे आशीर्वचन म्हणतो, मग वरून गोळ्यांचा पाऊस. आजी ते व्हिडिओ नातवाला दाखवायच्या. "आणि हा डोळे वर करतो हो," त्या म्हणाल्या. "दर वेळी वर करतो."

अडचणी भराभर पुढे आल्या. बोलता येत नाही, तर आशीर्वचन कोण म्हणणार? मी म्हटलं, बटन आहे की. मोठं, लाल, बशीएवढं. त्यात आवाज भरून ठेवायचा, मुठीनं दाबलं की वाजतो. शनिवारी सिनेगॉगमध्ये विजेचं काही दाबायचं नाही, ही माझ्या डोक्यात न आलेली गोष्ट. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना अवघं कोकण शनवार तेली म्हणायचं, त्यांच्या सुनेपुढे मी शनिवारी यंत्र लावायची भाषा करत होते. आजी हसल्या. वाट हजाननंच काढली. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात, त्या दिवशी विजेचा प्रश्न नाही. शिवाय तेफिलीन, म्हणजे त्या काळ्या पेट्या, शनिवारी बांधतच नाहीत, साध्या वारीच बांधतात. गुरुवार ठरला. यंत्राचा आवाज म्हणजे त्यानं स्वतः म्हटल्यासारखं होत नाही, तेव्हा वडिलांनी शेजारी उभं राहून हळू म्हणावं आणि मुलानं ऐकावं, असंही हजाननं सांगितलं. लक्ष देऊन ऐकणारा म्हणणाऱ्यासारखाच, असा त्यांच्यात जुना नियम आहे. मला तो नियम फार आवडला. माझ्या धंद्यात तो भिंतीवर लावायला हवा.

मग आवाज कोणाचा? वडील तयार होते, पण तेरा वर्षांच्या मुलाच्या बटनातून चाळिशीच्या माणसाचा आवाज येणं मला पटेना. अश्दोदच्या चुलतभावानं रेकॉर्ड करून पाठवलं. तोही त्याच वयाचा, आवाज फुटत असलेला. 'बारखू'वर चांगला खणखणीत आणि पुढच्याच शब्दाला चिरका. त्यानं दुसऱ्यांदा नीट म्हणून पाठवलं. दोन्ही ऐकवले. चिरक्याला डोळे वर गेले, तोच ठेवला.

आमच्याकडे मुलांना बटन शिकवतात ते 'दाबलं की काहीतरी होतं' हे कळावं म्हणून. दाबलं की पंखा फिरतो, दाबलं की खेळण्यातलं कुत्रं भुंकतं. आठ वर्षं त्यानं ते कुत्रं सहन केलं. आशीर्वचनाची रचना मला सरावाच्या वेळी कळली. वर गेलेला माणूस एक ओळ म्हणतो, 'बारखू एत अदोनाय हामेवोराख', म्हणजे धन्य परमेश्वराचा धन्यवाद करा, आणि जमलेल्या सगळ्यांनी मोठ्यानं उत्तर द्यायचं असतं. द्यावंच लागतं. पहिल्यांदा क्लिनिकमध्ये त्यानं बटन दाबलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या आजी, आई आणि बाबा तिथूनच एका सुरात ओरडले, 'बारूख अदोनाय हामेवोराख ले-ओलाम वाएद!' तो दचकला. मग खो-खो हसला. मग पुन्हा दाबलं. अकरा वेळा दाबलं, आणि अकराही वेळा त्या तिघांनी उत्तर दिलं. कुत्र्याचं बटन त्यानंतर कपाटात गेलं.

तेफिलीनचं मला खरं टेन्शन होतं. हातावरची पेटी उघड्या कातडीवर बसावी लागते, मध्ये काही चालत नाही, म्हणजे स्प्लिंट काढणं आलं. त्याचा डावा हात कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, अंगठा आत. माझा हिशेब सरळ होता: त्यातल्या त्यात बरा उजवा, तिथं बांधा. हजान म्हणाले, नाही, डावाच. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं डाव्यावर बांधायची. तोरात 'तुझ्या हातावर' या शब्दात एका जागी शेवटी 'हे' नावाचं एक जास्तीचं अक्षर लिहिलेलं आहे. चुकून राहिलं असेल असं म्हणून विद्वानांनी ते सोडून दिलं नाही. त्या अक्षरासकट शब्द फोडला की 'याद केहा' असा वाचता येतो: दुबळा हात. म्हणून जो हात कमजोर, खूण त्याच्यावर.

मी वीस वर्षं दुबळे हात हाताळते आहे. फॉर्मात 'अफेक्टेड साइड' लिहिते. त्या दिवशी नोंद करताना पेन जरा थांबलं.

त्या गुरुवारी सकाळी साडेसहाला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दंडापासून मनगटापर्यंत गुंडाळून आम्ही पंधरा मिनिटं बसलो. मग हजान वेढे घालू लागले. चौथ्या वेढ्याला हात ताठला, पट्टा सरकला. हजाननं ओढलं नाही. पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरून ते तसेच उभे राहिले, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, श्वास सुटला, कोपर इंचभर मोकळं झालं, पाचवा वेढा पडला. दंडावरची पेटी हृदयाकडे कलती हवी असते. बाकीच्यांना त्यासाठी हात छातीशी घ्यावा लागतो. याचा जन्मापासून तिथंच आहे.

आणि एवढं सगळं झाल्यावर ते बोट.

हिब्रूतली आणि कायद्यातली माझी अक्कल म्हणजे मुलाची अश्दोदची आत्या. ती तिथं विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस आहे. त्या रात्री मी तिला फोनवर बोटाबद्दल सांगितलं तर ती उसळलीच. त्यांच्या जुन्या कायद्यात तिघांना एका दावणीला बांधलेलं आहे: बहिरा-मुका, वेडा आणि लहान मूल. या तिघांवर धर्माज्ञा बंधनकारक नाहीत. शब्द आहे 'पातूर', म्हणजे सुटलेला. काकांची सूट ती हीच. "पण नीट वाचा ना," आत्या म्हणाली. तालमूदमध्येच, म्हणजे त्या जुन्या कायद्याच्या चर्चेच्या ग्रंथातच, पुढे स्पष्ट लिहिलंय की ज्याला ऐकू येतं पण बोलता येत नाही तो शहाण्यासारखाच धरायचा, सगळ्या बाबतींत. सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी कायद्याची पोथी रचली, 'शुल्हान आरूख', तिच्यातही हे आहे, तेही नेमकं दहाच्या मोजणीच्या कलमात: असा माणूस मोजायचा. म्हणजे त्या सकाळी दहा भरलेले होते. वडखळच्या गाडीची वाट बघायचं कारणच नव्हतं.

तिनं तालमूदमधली एक गोष्टही सांगितली. रब्बी यहूदा हानासी या जुन्या धर्मगुरूंच्या शेजारी दोन मुके भाऊ राहत. रब्बी पाठशाळेत गेले की तेही मागोमाग जाऊन बसत, माना डोलवत, ओठ हलवत. रब्बींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, दोघांना वाचा फुटली, आणि कळलं की सगळं धर्मशास्त्र त्यांना येत होतं. गोष्ट मला आवडली आणि रागही आला. वाचा फुटेपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं तर! इतकी वर्षं ते ओठ हलत होते ते कुणाला दिसले नाहीत? आत्या म्हणाली, "अहो ताई, त्यांना निदान आत येऊन बसू तरी देत होते." तिचं म्हणणंही खोटं नाही. तिच्याच देशात २०१५ साली रेहोवोत शहरात विशेष मुलांच्या बार मित्झवाचा ठरलेला समारंभ महापौरांनी रद्द केला. मुलांवर त्यांचा राग नव्हता. ते सिनेगॉग कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे सनातन्यांपेक्षा जरा मोकळ्या, पंथाचं होतं, ते चालेना. मग राष्ट्राध्यक्षांनी आपल्या निवासस्थानी करू म्हटलं, तर तिथंही रब्बी कोणत्या पंथाचा यावरून फिसकटलं. मुलांनी महिनोन् महिने पाठ केलेलं ठरल्या दिवशी तसंच राहिलं. मोठ्यांच्या भांडणात पोरांची खुर्ची कोपऱ्यात सरकते, हे काही एका गावचं नाही.

त्या आठवड्याचा तोराचा भाग कोणता होता हेही आत्यानंच सांगितलं, सगळं पार पडल्यावर. 'एमोर'. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायापासून सुरू होतो, आणि त्याच अध्यायात पुढे लिहिलंय की याजकाच्या वंशात जो आंधळा, लंगडा, ज्याचा हात किंवा पाय मोडका, त्यानं वेदीजवळ यायचं नाही. मी गारच पडले. पण गुरुवारी भागाचा पहिला तुकडाच वाचतात. तो पंधराव्या वचनाला संपतो. ही यादी त्याच्या पुढे येते. विजेच्या बटनासाठी शनिवार टाळला नसता तर मोडक्या हाताचं वचन त्याच्या पुढ्यातच वाचलं गेलं असतं. हजानना हे माहीत असणारच. ते एका शब्दानं बोलले नव्हते.

आता वडिलांचं सांगते. गडी एमआयडीसीत फिटर. मुलाला रोज सकाळी उचलून न्हाणीत नेणारा तोच, रिक्षात बसवणारा तोच. कमरेला पट्टा आहे, तोही मीच लावायला लावलाय. तयारीत सगळ्यात पुढे असलेला हा माणूस समारंभाच्या आधी आठवडाभर एकदम गप्प झाला. मग एक दिवस मुलाला गादीवर ठेवून पट्टा आवळता आवळता म्हणाला, "मॅडम, मला पण एक ओळ आहे म्हणायची." मुलाचं झालं की बापानं म्हणायची ती: 'बारूख शेपेतारानी मेओन्शो शेल झे.' धन्य तो, ज्यानं मला याच्या दंडातून सोडवलं. तेरा वर्षं मुलाच्या चुकांना बाप बांधील, पुढे मुलाचं मुलगा बघेल. बाप सुटला. "देवासमोर उभं राहून खोटं कसं बोलू?" तो म्हणाला. "माझं वय वाढतंय, याचं वजन वाढतंय. मी कधी सुटणार?" मला काही उत्तर सुचलं नाही. मी गादीचं कव्हर नीट केलं.

'शेपेतारानी'तलं 'पेतारा' आणि काकांचं 'पातूर' एकाच धातूचे आहेत, हे नंतर आत्याकडून कळलं. मराठीत तरी काय वेगळं आहे? सूट, सुटणं, सोडवणं.

गाडी सव्वाआठला आली. दोन पुरुष धावतच आत शिरले, अंगाला डिझेलचा वास. काकांनी पुन्हा मोजायचे कष्ट घेतले नाहीत. लाकडी पेटीतली तोरा उभी काढली, वरचे चांदीचे घुंगूर किणकिणले. तेबाला तीन पायऱ्या. वडिलांनी आणि त्या दोघांनी खुर्चीसकट मुलाला वर नेलं. बटन मांडीवर. त्यानं मूठ उचलली, चुकली, पुन्हा उचलली. 'बारखू,' अश्दोदचा चिरका आवाज घुमला, आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, बायकांच्या बाजूनं जरा जास्तच मोठ्यानं. काकांनीही दिलं, मी बघत होते.

मग हजाननं वडिलांकडे पाहिलं. वडील खाली बघत होते. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ते म्हणाले, भराभर, एका श्वासात, बिल भरून टाकावं तसं, आणि लगेच वाकून व्हीलचेअरचा ब्रेक बसलाय का ते चाचपून पाहिलं. गोळ्या उधळल्या गेल्या. एक बटनावर पडली आणि बटन वाजलं, 'बारखू', आणि अर्ध्या लोकांनी सवयीनं पुन्हा उत्तर दिलं.

बाहेर मलिदा मांडला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर केळी, खजूर, सुकामेवा. आजींनी मुलाच्या जन्मानंतर एलियाहू हानाबी या संदेष्ट्याला बोललेला हा नवस, अलिबागजवळ त्याच्या रथाच्या खुणा मानतात त्या खडकापाशी जाऊन. काय मागितलं होतं ते त्या सांगत नाहीत. तेफिलीन सोडल्यावर मुलाच्या हातावर सात लाल वळ उमटले होते. मी सवयीनं चोळायला गेले तर त्यानं तोंड फिरवलं.

आत्यानं त्या रात्रीच शुल्हान आरूखच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, कलमाभोवती लाल गोल काढून. काकांच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. आजही नाही.

पावसाळ्यात एका सोमवारी वडील मुलाला घेऊन आले ते जांभया देत. म्हटलं, काय झालं? म्हणाले, मागे एका शुक्रवारी दुपारी काकांचा फोन आला होता. पाऊस फार, आठच जण येतायत, तू ये. मग जरा थांबून, त्यालाही आण. तेव्हापासून माणसं कमी पडली की फोन येतो. मी विचारलं, "मग मोजतात त्याला?"

"कमी असले की मोजतात. अकरावा आला की बोट परत पुढे जातं," ते म्हणाले. "पण फोन जवळजवळ दर शुक्रवारी. शनिवारी गाडी चालवायची नाही, एवढ्या पावसात खुर्ची ढकलत न्यायची. हा चारलाच जागा होऊन बसतो, हाका मारतो." पट्टा आवळत त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे वर गेलेले. "सुटका नाही बघा मॅडम."